रक्ताचा वारसा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मिळकतीच्या वारशाचे कायदे माणसानेच केले आणि त्यानेच ते बदलले. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला. साऱ्या देशाला त्यासाठी २००५ सालापर्यंत थांबावे लागले. रक्ताच्या वारशाचा कायदा मात्र कोणत्याही विधिमंडळात संमत झालेला नाही. त्याच्या अज्ञानाची किंमत आपल्या समाजात बहुधा स्त्रीनेच मोजली आहे.

माणसांच्या रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केला. ते वारशाने कसे उतरतात ह्याचा अचूक नियम १९२४ साली फेलिक्स बर्नस्टाइन ह्या गणितज्ञाने मांडला, तोही लोकसमूहांच्या आकडेवारीवरून. आकडेवारीला रूक्ष म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे! नियम साधा आहे. रक्तगटाच्या जनुकांची जोडी असते. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. ‘ए’ आणि ‘बी’ तुल्यबळ. ‘ओ’ त्यांच्यापुढे झाकले जाते. ‘ए’ गटाचा पती आणि ‘बी’ गटाची पत्नी ह्या दोघांजवळही ‘ओ’ जनुक झाकलेले असेल, तर त्यांचे मूल चारांपैकी कोणत्याही गटाचे होऊ शकते. ते ‘ओ’ गटाचे निघाले, आईशी जुळेना आणि बापाशीही जुळेना, की घरात कुजबुज सुरू होते.

आईवडील दोघेही ‘ओ’ आणि मूल ‘ए’ असेल तर? पाठ्यपुस्तकातील नियमाप्रमाणे हे जवळजवळ अशक्य. पण १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अपूर्व रक्तगट शोधला. जगभर तो ‘बॉम्बे’ गट म्हणूनच ओळखला जातो. ज्या ‘एच’ पदार्थाच्या पायावर ‘ए’ व ‘बी’ उभे राहतात तो पायाच ह्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर नसतो. नेहमीच्या चाचणीत त्या ‘ओ’ ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्याजवळ ‘ए’चे जनुक असू शकते आणि ते मुलात प्रकट होते. भारतात अशा व्यक्तींचे प्रमाण सुमारे १०,००० मध्ये एक सांगतात. विरळ खरे, पण जिच्या चारित्र्यावर शंका घेतली जात आहे तीच ती एक असेल, तर तिला सरासरीचा काय उपयोग?

लिंगाशी निगडित गुणांची वाट आणखी निराळी. स्त्रीजवळ दोन एक्स गुणसूत्रे, पुरुषाजवळ एक एक्स आणि एक वाय. मुलाला एक्स मिळते ते आईकडूनच. बापाचे एक्स जाते मुलीकडे. ‘बापाचे ते मुलाचे’ हा घराण्यांचा हिशेब येथे चालत नाही. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा रोग एक्सवरून येतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. रुग्ण पित्याच्या मात्र सर्व मुली वाहक होतात. लाल-हिरवा भेद न कळण्याची वाटही हीच. ह्यावरून सुनेला ‘वाईट रक्ताची’ ठरवणारे विसरतात की, ते जनुक तिला तिच्या बापाकडूनही आलेले असेल; आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कधी नसतोच, जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो.

मुलगा की मुलगी, हे पित्याच्या शुक्रपेशीवर ठरते. स्त्रीबीजात नेहमी एक्स असते. शुक्रपेशीत एक्स वा वाय. मुली झाल्या म्हणून बायको टाकणाऱ्याला हे सुनावलेच पाहिजे. मात्र आपले काही कार्यकर्ते सभेत ‘दोष बाईचा नाही, पुरुषाचा आहे’ असे सांगून टाळ्या घेतात, ते चुकते. दोष कोणाचा, असे विचारताना मुलगी होणे हा दोष आहे हे आपण आधीच कबूल केलेले असते.

गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला; केंद्राचा १९९४ साली झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. मालमत्तेत मुलीला हिस्सा मिळून तेव्हा सतरा वर्षे झाली होती.