आमची वीट किती पाणी पिते?

आमचा बचत गट राखेच्या विटा पाडतो. वीज केंद्रातली राख, दगडाची चुरी आणि सिमेंट, एवढाच त्यातला माल. मागच्या पावसात काही विटांच्या कडा झडल्या आणि अंगणवाडीच्या कुंपणाची मागणी अडली. तेव्हा आम्ही जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार मुलामुलींना गाठलं. त्यांना प्रोजेक्ट हवा होता, आम्हाला खरं उत्तर.

त्यांनी विटा कडक वाळवून तोलल्या, 24 तास पाण्यात बुडवल्या, पुसून पुन्हा तोलल्या. अडीच किलोच्या विटेनं 600 ग्रॅम पाणी प्यायलं. म्हणजे 24 टक्के. मर्यादा 20 टक्क्यांची! आमच्या पोटात गोळाच आला.

चूक आमचीच निघाली. टंचाईमुळे 14 दिवसांऐवजी पाचच दिवस पाणी मारलं होतं. सिमेंट पक्कं व्हायला ओल लागते. ती लवकर तुटली की वीट आतून पोकळ राहते. पुढच्या विटांवर आम्ही ओली पोती पांघरली. पाणीही कमी लागलं. आता विटेचं पाणी पिणं 16 टक्क्यांवर आलंय.

दाबाची चाचणी 28 दिवसांनी आहे. तोवर एकही वीट विकायची नाही, असं बैठकीत ठरलंय. कर्जाच्या हप्त्याची धास्ती आहेच, पण त्या भिंतीजवळ आपलीच लेकरं खेळणार.

बायांनो, तुम्हीही कोरडी वीट तोला, दिवसभर भिजवा, पुन्हा तोला. अडीच किलोची वीट अर्ध्या किलोहून जास्त पाणी प्यायली, तर विकायची घाई करू नका.