मूल कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी-जामणी, केळापूर, मारेगाव आणि घाटंजी या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड विखुरलेले आहेत. नदी ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने आदिम जमाती म्हणून वेगळे मानले, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचा समावेश आहे. या भागाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते मुख्यतः दोन कारणांनी. एक, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आणि दुसरे, ज्यांना सरकारी कागदात ‘कुमारी माता’ म्हणतात त्या मुली. पहिल्या प्रश्नावर मोर्चे निघाले, ठराव झाले. दुसऱ्या प्रश्नाचा उच्चार अजूनही हलक्या आवाजात होतो. आजचे विवेचन या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे, आणि त्यातही त्याच्या गाभ्याविषयी: लग्नाबाहेर जन्मलेले मूल कोणाचे?

प्रथम शब्दाचाच विचार केला पाहिजे. मराठी भाषेत ‘कुमारी माता’ आहे. ‘कुमार पिता’ हा शब्द नाही. जो गुन्हा किंवा जी जबाबदारी दोघांची, तिचे नामकरण एकीच्याच नावाने झाले. या मुलींची मोजदाद अनेकदा झाली. शासकीय पाहणीचे आणि संघटनांच्या यादीचे आकडे जुळले नाहीत. परंतु त्या मुलांच्या बापांची यादी करावी असे फारसे कोणाला सुचलेले दिसत नाही. आकड्यांचा वाद त्यामुळे बायकांच्या अब्रूचा वाद होऊन बसला, आणि बाप मोकळे राहिले.

हे बाप कोण? त्यांचा धंदा पाहिला म्हणजे प्रश्नाचे आर्थिक स्वरूप स्पष्ट होते. कोलाम हा मूळचा डोंगरावरचा, फिरती शेती करणारा, बांबूच्या टोपल्या आणि ताटवे विणणारा माणूस. जंगलावर सरकारचा ताबा आला, खालची काळी जमीन बाहेरून आलेल्या कास्तकारांकडे गेली, आणि कोलामाच्या वाट्याला मजुरी उरली. रस्त्याचे काम, दगडाची खाण, तेंदूपत्त्याची तोडणी, कापसाची वेचणी यांवर पोडातील मुलगी जाऊ लागली. तिथे हजेरी मांडणारा मुकादम, मजुरी देणारा ठेकेदार, ट्रकचा चालक आणि उधारी देणारा दुकानदार यांच्याशी तिचा संबंध येतो. लग्नाचे वचन देणारा माणूस पुष्कळदा तिची मजुरी ठरविणाराही असतो. काम संपले, तळ हलला, की तो निघून जातो. ‘आदिवासी समाज मोकळाच असतो’ असे म्हणून शहाणी माणसे हा विषय मिटवू पाहतात. परंतु पोडातील तरुण-तरुणींच्या परस्पर निवडीला मोकळीक असणे ही एक गोष्ट, आणि ज्याच्या हातात मजुरी आहे त्याने त्या मोकळिकीचा फायदा उठविणे ही अगदी दुसरी गोष्ट. पहिलीत दोन्ही पक्ष पोडाला जबाबदार असतात. दुसरीत एक पक्ष कोणालाच जबाबदार नसतो.

रूढीचा भाग येथेच लक्षात घेतला पाहिजे. मुलगा जमातीतलाच असेल तर नाईक आणि पंच बसतात, लग्न लावतात किंवा दंड करतात, आणि मुलाला कूळ मिळते. गोंडांप्रमाणेच कोलामांतही कूळ बापाकडून चालते. कोणत्या देवाची पूजा करायची आणि कोणाच्या घरात सोयरीक करायची हे कुळावरून ठरते. बाप परका असला की पंचांचा दंड त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि मुलाला कूळही लाभत नाही. म्हणजे पंचायतीचा न्याय जिथे सर्वांत जास्त हवा, नेमका तिथेच तो लुळा पडतो. मूल आईजवळच राहते. ते मागायला कोणी येत नाही. इतरत्र मुलाच्या ताब्यासाठी आईबाप कोर्टात भांडतात. येथे ताब्याचा तंटाच नाही, कारण ताबा म्हणजे निव्वळ ओझे आहे.

याच्या तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. पूर्व नायजेरियातील इग्बो समाजात मूल कोणाचे हे रक्तावरून ठरत नाही; वधूमूल्य दिले की नाही यावरून ठरते. पुरुषाने मुलीच्या घरी वधूमूल्य पोचविले नसेल, तर त्याच्यापासून झालेले मूल तिच्या बापाच्या घराण्याचे. जन्मदाता नुसत्या रक्ताच्या जोरावर त्या मुलावर हक्क सांगू शकत नाही. त्या मुलाला आजोबाचे नाव, आजोबाचे अंगण आणि त्या घराण्याचे नाते मिळते. पोडातील मूल ज्या पोकळीत पडते, ती पोकळी या रूढीने बऱ्याच अंशी भरून काढलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. तिथे मूल हे वधूमूल्याच्या हिशेबातील एक रक्कम होते आणि आईला स्वतःचा असा हक्क उरत नाही. बाई नवऱ्याला सोडून गेली आणि वधूमूल्य परत केले गेले नाही, तर पुढे दुसऱ्यापासून झालेल्या मुलांवरही पहिला नवरा हक्क सांगू शके. त्याच पूर्व भागातील कलबारचा असा एक दावा १९३२ साली कोर्टात आला, तेव्हा ही रूढी नैसर्गिक न्यायाला सोडून आहे असे कोर्टाला म्हणावे लागले. पुढे १९७९ च्या आणि १९९९ च्या नायजेरियन संविधानांत, जन्माच्या परिस्थितीमुळे कोणाही नागरिकाला अपात्र किंवा वंचित ठरविता येणार नाही, असे कलम आले. यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की रूढी मुलाला जागा देऊ शकते, पण त्या जागेची किंमत बहुधा आईकडून वसूल करते. म्हणून सगळा भार रूढीवर टाकून मोकळे होता येत नाही, आणि रूढीला मागासलेली म्हणून हिणविल्यानेही काही साधत नाही.

मग कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाचे पालकत्व प्रथम आईला आणि तिच्या पश्चात बापाला दिले. कार्यकर्ते हेच कलम सांगत फिरतात. परंतु त्याच कायद्याच्या ३ ऱ्या कलमात अनुसूचित जमातींना तो कायदा लागू नाही असे स्पष्ट लिहिले आहे. हिंदू विवाह, वारसा आणि दत्तक या कायद्यांतही तोच अपवाद आहे. म्हणजे कोलाम आईला पालकत्वासाठी जमातीच्या रूढीवर आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यावर अवलंबून राहावे लागते. सुदैवाने याच जुन्या कायद्याखाली ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. अविवाहित आईने पालकत्वासाठी अर्ज केला तर तिला बापाचे नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती करता येणार नाही. आणि अशा आईने जन्मदाखला मागितला तर तिचे प्रतिज्ञापत्र घेऊन तो द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल झरी-जामणीच्या ग्रामपंचायत कार्यालयात किती जणांना ठाऊक आहे, याचा शोध प्रत्येक शाखेने घ्यावा.

पोटगीच्या बाबतीत मात्र कायदा धर्म किंवा जमात पाहत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम औरस आणि अनौरस अशा दोन्ही मुलांना बापाकडून निर्वाह मागण्याचा हक्क देत होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. पूर्वी या रकमेला दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली निघाली. बाप परराज्यात पळाला तरी आईने त्याच्या गावी जाण्याचे कारण नाही. तो तिच्याबरोबर शेवटी जिथे राहिला त्या जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करता येतो. हा हक्क मुलाचा आहे. आईने हजार-दोन हजार रुपये घेऊन मुद्रांकावर अंगठा दिला असला, तरी त्यामुळे मुलाचा हक्क बुडत नाही. आणि जिथे वरचढ स्थितीचा गैरफायदा घेऊन आदिवासी स्त्रीचे शोषण झाले आहे, तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पहिल्या दिवसापासून अशा कृत्याला गुन्हा मानत आला आहे.

कागदाचे हे वैभव आणि पोडातील दारिद्र्य यांच्यामध्ये कचेऱ्या उभ्या आहेत. शाळेत बापाचे नाव विचारतात. जातीच्या दाखल्यासाठी बापाकडचा पुरावा मागतात. बाप बिगरआदिवासी, आणि तोही बेपत्ता. मग कोलाम आईच्या पोटी पोडात वाढलेले मूल कोलाम ठरत नाही, आणि आश्रमशाळेपासून शिष्यवृत्तीपर्यंतच्या सगळ्या वाटा बंद होतात. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१२ रोजी गुजरातच्या एका प्रकरणात यावर प्रकाश टाकला. मूल बापाच्या जातीचे, हे गृहीत धरले तरी ते अंतिम नाही. आदिवासी आईनेच त्याला वाढविले आणि त्या समाजाचेच भोग त्याच्या वाट्याला आले हे पुराव्याने दाखविता येते. तो खटला आईबापांच्या आंतरजातीय विवाहाचा होता. जिथे लग्नही नाही आणि बापाचा सहवासही नाही, तिथे हे तत्त्व अधिकच जोराने लागू व्हावयास हवे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालणे सक्तीचे केले, हे ठीक झाले. पण नावात आईला जागा देऊन दाखल्यात तिला नाकारणे हा विरोधाभास टिकू देता कामा नये.

जमिनीचा प्रश्न याहून मूलभूत आहे. आईच्या हातात जमीन असेल तर मुलाला कूळ असो वा नसो, भाकर असते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे एकट्या व्यक्तीच्या कुटुंबाचा पट्टा त्या एकटीच्या नावाने होतो. लग्नाची अट नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना, आदिवासी स्त्रीला वडिलार्जित मालमत्तेत समान वाटा नाकारणे समतेच्या हक्काला बाधक आहे असे ठरविले. या दोन आधारांवर पोडातील आईचे नाव सातबाऱ्यावर आणि पट्ट्यावर चढविण्याचे काम, पुनर्वसनाच्या नावाखाली शिवणयंत्र वाटण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

दोन सोप्या उपायांपासून सावध राहिले पाहिजे. पहिला उपाय, अशा मुलींची लग्ने लावून देण्याचा. शोषण करणाऱ्याच्याच गळ्यात मुलीला बांधणे किंवा मुलाला वाऱ्यावर सोडून तिला दुसरीकडे उजविणे, याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. दुसरा उपाय, मूल संस्थेत पाठविण्याचा. २०१५ चा बालन्याय कायदा संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानतो. आईने मूल बालकल्याण समितीपुढे सुपूर्द केले तरी तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. गरिबीमुळे मूल देणे आणि स्वेच्छेने देणे यांतला फरक ओळखणारा माणूस त्या आईच्या बाजूला उभा असला पाहिजे. बालसंगोपन योजनेचे अनुदान वेळेवर मिळाले, तर कित्येक आयांवर ही वेळ येणारच नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका विधवेचे मूल त्यांनी आपले मानले, आणि यशवंत हा त्यांचा मुलगा व वारस झाला. नॉर्वेने १९१५ साली लग्नाबाहेरच्या मुलांना बापाचे नाव आणि वारसा दिला. रशियाच्या १९१८ च्या कुटुंबसंहितेने औरस-अनौरस हा भेदच काढून टाकला. परंतु १९४४ च्या हुकमाने अविवाहित आईचा बापाकडून पोटगी मागण्याचा हक्क पुन्हा हिरावला. क्रांतीने दिलेला हक्कही संघटित स्त्रियांची राखण नसेल तर परत घेतला जातो, हा त्यातला धडा समाजवाद्यांनी विसरू नये.

तेव्हा कार्यक्रम मोठा नाही, पण चिकाटीचा आहे. पोडागणिक प्रत्येक मुलाचा जन्मदाखला निघाला की नाही हे पाहणे. पोटगीचे अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखल करणे आणि तारखांना आईबरोबर जाणे. जातीच्या दाखल्याचे नाकारलेले अर्ज एकत्र करून अपिलात नेणे. आणि जिथे पेसा लागू आहे तिथे ग्रामसभेत हा विषय उघडपणे मांडून, आईच्या घरात वाढणारे मूल हे पोडाचेच मूल, असा ठराव करून घेणे. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढी जपण्याचा अधिकार देतो. रूढी जिवंत असेल तर ती वाढविण्याची ताकदही त्याच सभेत आहे. नाईक आणि पंच यांना या कामात बरोबर घ्यावे. बाप परका असल्यामुळे त्यांचा दंड जिथे पोचत नव्हता, तिथे न्यायालयाचा समन्स पोचवावा.

मूल कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर रक्तात, वधूमूल्यात किंवा बापाच्या नावाच्या रकान्यात शोधण्याची सवय फार जुनी आहे. जी त्याला वाढविते तिचे ते आहे, आणि तिला वाढविता यावे एवढी जबाबदारी बापाची, पोडाची आणि सरकारची आहे. ही जबाबदारी ज्याची त्याच्याकडून वसूल करणे, हे काम या वर्गात बसलेल्यांनी उद्यापासून हाती घ्यावयाचे आहे.