रजेचा अर्ज



आपल्यापैकी पुष्कळांची मुलेमुली आज वसतिगृहे, दवाखाने, वाचनालये चालविणाऱ्या सार्वजनिक संस्थांतून नोकरी करतात. अशाच एका विश्वस्त संस्थेच्या वसतिगृहात मी 12 वर्षे कारकून आहे. पगार सरकारी कचेरीपेक्षा कमी, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु तो 7 तारखेच्या आत हाती पडतो, व भविष्यनिर्वाह निधीचा भरणा चुकत नाही.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मला दीड महिन्याची रजा हवी होती. शिल्लक काहीच नव्हती. मी चिटणीसांपुढे हात जोडून उभा राहिलो. ते म्हणाले, "हात खाली घ्या, खुर्चीवर बसा आणि अर्ज लिहा." अर्ज विश्वस्तांच्या सभेपुढे गेला. रजा मंजूर झालीच. शिवाय घरच्या आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी प्रत्येक नोकरास अशी रजा मिळावी, असा ठराव इतिवृत्तात नोंदला गेला. पुढे आमच्या स्वयंपाकीणबाईंनी तीच रजा घेतली. त्यांना कोणापुढे उभे राहावे लागले नाही.

माझे हात आपोआप का जोडले गेले, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या वाडवडिलांनी गावकी केली ती बलुत्यावर. कामाला सीमा नव्हती आणि माप देणाऱ्याच्या हाती होते. काम कोणते व मेहनताना किती हे ठरलेले असावे, यासाठीच बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनासंबंधी विधेयक मांडले. त्याच वर्षी बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकासही त्यांनी तेथे पाठिंबा दिला. ही रजा 1961 च्या कायद्याने 12 आठवड्यांची झाली. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची.

याआधी मी दुसऱ्या एका संस्थेत होतो. तेथे तीन महिने पगार थकला. विचारले तर उत्तर मिळे, "ही सेवा आहे." वाणी मात्र सेवेवर धान्य देत नव्हता! तेथील माणसे दुष्ट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. लिहिलेले मात्र काहीच नव्हते.

आमचे चिटणीस गेल्या वर्षी निवृत्त झाले. नवे गृहस्थ स्वभावाने कडक आहेत, पण ठराव कायम आहे. नोकरांच्या मुलांसाठी पाळणाघर असावे, असा अर्ज आम्ही नऊ जणांनी सह्या करून पुढील सभेसाठी दिला आहे.