गर्दींतील हांक

तुळजापुरास नवरात्रांत देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. संबळाचा नाद घुमत असतो, जयघोष चालू असतो, दुकानदार ओरडत असतात; आणि त्या कोलाहलांत चुकलेल्या मुलानें मारलेली हांक त्याच्या आईला मात्र नेमकी ऐकूं येते. शेजारच्या बाईला ती ऐकूं येत नाहीं. आईचा कान अधिक तीक्ष्ण असतो असें नव्हे. त्या एका आवाजाची ओळख तिच्या कानांत मुरलेली असते. धाराशिव जिल्ह्यांतील या नित्याच्या अनुभवांत हौशी बिनतारीकारांच्या एका विद्येचें मर्म आहे.

हौशी बिनतारीकार म्हणजे सरकारी परवाना घेऊन, पैशाच्या लोभावांचून, स्वतःच्या यंत्रावरून देशोदेशींच्या समानधर्मी मंडळींशीं संधान बांधणारा माणूस. त्यांपैकीं पुष्कळ जण आजही मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपींत बोलतात. दर वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारीं या मंडळींची ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ नांवाची जागतिक मोर्स-स्पर्धा भरते. आपल्या घड्याळाप्रमाणें ती शनिवारीं पहांटे साडेपांचला सुरू होते आणि सोमवारीं पहांटे साडेपांचला संपते. या ४८ तासांत शक्य तितक्या केंद्रांशीं संपर्क साधावयाचा असतो. प्रत्येक वेळीं देवाणघेवाण अगदीं थोडी: परस्परांचें संकेतनाम, ५९९ हा ऐकूं येण्याच्या स्पष्टतेचा ठराविक आंकडा, आणि आपल्या भूविभागाचा क्रमांक. भारताचा क्रमांक २२ आहे.

मोर्सचें गणित सोपें आहे. टिंब हें एक माप. रेघ तीन मापांची. अक्षरांतील दोन खुणांमधला विराम एका मापाचा, दोन अक्षरांमधला तीन मापांचा व दोन शब्दांमधला सात मापांचा. गति मोजण्यासाठीं रोमन लिपींतील ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात. अखेरच्या विरामासह त्याचीं ५० मापें होतात. मिनिटास २० शब्द या गतीनें संदेश चालला, तर एका टिंबाच्या वांट्याला सेकंदाचे ६० सहस्रांश एवढाच वेळ येतो. आणि मुरलेले स्पर्धक याहूनही जलद जातात. नऊ या आंकड्याला चार रेघा व एक टिंब लागतें. तेवढाही वेळ वांचावा म्हणून त्याऐवजीं ‘एन’, म्हणजे एक रेघ व एक टिंब, पाठविण्याचा प्रघात आहे. अशा गतींत खुणा मोजण्यास अवकाशच राहत नाहीं. गोंधळी जसा संबळावरचे आघात मोजीत बसत नाहीं, बोलच ओळखतो, तसें अक्षर त्याच्या लयीवरून ओळखावें लागतें.

खरी कसोटी याच्याही पुढें आहे. एखाद्या केंद्रानें साद घातली कीं त्याच लहरीवर दहा-वीस जण एकदम उत्तर देतात. कोणी जवळचा, कोणी क्षीण. कोणाचा सूर उंच, कोणाचा खालचा. त्या गलक्यांतून दोन-तीन अक्षरें जरी हातीं लागलीं, तरी कुशल चालक तेवढींच परत पाठवितो. ज्याच्या नांवांत तीं असतील त्यानें बोलावें व इतरांनीं गप्प बसावें, असा संकेत असतो. तो सारेच पाळतात असें नाहीं.

ही विद्या शिकावी कोठें? प्रत्यक्ष स्पर्धेंत नवशिका गांगरून जातो, आणि परवाना हातीं येईपर्यंत तर त्याला एक टिंबही प्रक्षेपित करण्याचा अधिकार नसतो. म्हणून संगणकावर गर्दीचें सोंग उभें करण्याची युक्ति निघाली. कॅनडांतील एका हौशी बिनतारीकारानें रचलेली ‘मोर्स रनर’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. ती कानांत खोट्या केंद्रांचा घोळका उभा करते, त्यांत वातावरणाची खरखर मिसळते, आवाज मधेंच विरविते आणि शिस्त न पाळणारे दांडगटही आणून बसविते. ‘रुफ्झ’ नांवाची दुसरी आज्ञावली एकामागून एक ५० संकेतनामें ऐकविते. उत्तर बरोबर आलें कीं गति वाढते, चुकलें कीं उतरते. जलद मोर्सच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत या दोहोंवर स्पर्धाही होतात. अशा अभ्यासाला परवाना नको, उंच तार नको. धाराशिव, उमरगा किंवा परंडा येथील कोणत्याही घरांत संगणक आणि कर्णयंत्र असलें कीं पुरे.

मात्र अभ्यासाची रीत हवी. तीन टिंबांचा ‘एस’, चार टिंबांचा ‘एच’ आणि पांच टिंबांचा पांच हा आंकडा यांत नवशिक्याचा कान हटकून फसतो. आज किती गुण मिळाले यापेक्षां आज कोणतें अक्षर चुकलें, हें टिपून ठेवणें अधिक मोलाचें. विल्यम लो ब्रायन व नोबल हार्टर या अमेरिकन संशोधकांनीं १८९७ व १८९९ मध्यें तारमास्तरांच्या शिक्षणाविषयीं निबंध प्रसिद्ध केले. संदेश घेण्याची गति वाढत वाढत एके ठिकाणीं अडते, कित्येक आठवडे जागची हलत नाहीं आणि मग पुन्हां चढूं लागते, असें त्यांना आढळलें. सुटीं अक्षरें ऐकणारा कान त्या काळांत अख्खे शब्द ऐकावयास शिकत असतो, असा अर्थ त्यांनीं लावला. हें पठार प्रत्येकास लागतेंच कीं काय, याविषयीं पुढें मतभेद झाले. पण ज्याला तें लागलें त्यानें निराश होऊं नये. बालाघाटाच्या पठारावर राहणाऱ्यांना तर पठार म्हणजे चढाचा शेवट नव्हे, हें सांगावयास नको.

कोणी विचारील, भारतांतील सरकारी तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. मग ही कडकट्ट कशाला आणि तिचें सोंग तरी कशाला? याचें उत्तर या जिल्ह्याच्या स्मृतींतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून गांवें निजलीं असतां, पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर यांसारखीं गांवें दगडमातीच्या ढिगाऱ्याखालीं गेलीं व हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या संकटांत हौशी बिनतारीकार आपलीं यंत्रें घेऊन या भागांत आले आणि त्यांनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें. अशा वेळीं निरोप तोंडानें सांगितला काय किंवा मोर्सनें पाठविला काय, अनेक जण एकदम बोलत असतात, आवाज विरत असतो. आणि गांवाचें नांव, जखमींची संख्या, औषधाचा आंकडा यांत चूक होऊन चालत नाहीं. न समजलेलें समजल्यासारखें न दाखवितां पुन्हां विचारण्याची संवय त्या वेळीं अंगीं असावी लागते.

खोट्या गर्दीला मर्यादा आहेत, हें खरेंच. तेथें वीज जात नाहीं, भूक लागत नाहीं आणि चुकीची शिक्षा एका गुणापलीकडे नसते. म्हणून सोंगाच्या जोडीला बॅटरीवर यंत्र चालविणें, उघड्या माळावर तार उभारणें, रात्र जागून काढणें, हेंही करावें लागतें. परंतु कानाला वळण लागण्यास अवधि लागतो, आणि संकट तो अवधि देत नाहीं. तो स्वस्थतेच्या दिवसांतच, रोज अर्धा तास देऊन, आपला आपण काढावयाचा असतो.