पकडले, सोडले; पुढे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना हसू येईल. वर्धापनदिनाला लोक शिक्षणावर बोलतात, व्यसनमुक्तीवर बोलतात आणि आम्ही बोलणार माशांवर! पण हा वाद आपल्याच वस्तीतला आहे. आपली काही पोरं सुट्टीच्या दिवशी पवना धरणाच्या काठावर जातात. तिथे मुंबई-पुण्याहून गाड्या घेऊन हौशी मंडळी येतात. भारी दांड्या, परदेशी गळ, दिवसभर तंबू. पोरं त्यांचे सामान उचलतात, जागा दाखवतात, दोन पैसे मिळवतात. आता तीही गळ टाकायला शिकली. घरी आई म्हणते, "हा जीवाशी खेळ आहे. पहिले शील विसरलास का?" पोरगं म्हणतं, "आई, आम्ही मारत नाही. पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो." आई गप्प बसते, पण तिचे समाधान होत नाही.

आम्ही गिरणीतली माणसे. शाळा फार झाली नाही. पाळी सुटल्यावर ग्रंथालयात बसून जे वाचले तेवढेच आमचे शिक्षण. त्या वाचनाच्या जोरावर या मायलेकांच्या भांडणात दोन शब्द बोलतो.

प्रथम आपल्या नदीची ओळख. पवना आणि मुळा या नद्यांचा संगम आपल्या दापोडीला होतो. पुढे पुण्यात मुळेला मुठा मिळते. कंपनी सरकारच्या काळात साइक्स नावाचा लष्करी अधिकारी दख्खनच्या पाहणीवर होता. त्याने इथल्या माशांची नोंद केली आणि कित्येकांना इथल्याच बोलीतली नावे शास्त्रात दिली. १८३९ साली त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या एका माशाला 'खुद्री' हे नाव दिले. हाच निळसर परांचा महासीर. आज या माशामागे देशोदेशीचे गळवाले धावतात, पण शास्त्राच्या पुस्तकात त्याचा पत्ता मात्र आपल्या नदीचा आहे. आज दापोडीच्या पुलावरून खाली पाहा. त्या पाण्यात महासीर जगेल का, हे तुम्हीच सांगा. या माशाला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते.

नद्यांवर धरणे झाली, पाणी बिघडले, महासीर घटला. तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महासीरची पिल्ले तयार करायला सुरुवात केली. मोठे काम झाले. लाखो पिल्ले निरनिराळ्या राज्यांत सोडली गेली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत गेली. आता इथे लक्ष द्या, कारण आमचा खरा मुद्दा इथेच आहे.

कावेरीत पूर्वीपासून एक वेगळा महासीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड. कावेरीच्या खोऱ्यातच १९४६ साली १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाला लागल्याची नोंद आहे. तिथे गळवाल्यांच्या छावण्या होत्या आणि नियम एकच : पकडा, वजन करा, सोडून द्या. एकही मासा मारायचा नाही. गळीबोरे या ठिकाणी १९९८ ते २०१२ पर्यंत त्यांनी वह्या लिहिल्या. त्यांत सहा हजारांवर महासीरांची नोंद आहे. शास्त्रज्ञांनी त्या वह्या तपासल्या तेव्हा दिसले की बाहेरून आणलेला निळ्या परांचा महासीर वाढत गेला आणि मूळचा उंचवट्याचा महासीर दिसेनासा होत गेला. २०१८ साली त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जाहीर झाला. म्हणजे कावेरीत आपलाच मासा पाहुणा म्हणून गेला आणि यजमानाची जागा घेऊन बसला. ज्यांनी पिल्ले सोडली त्यांचा हेतू चांगलाच होता. पण नदीला हेतू कळत नाही, तिला परिणाम कळतो.

त्या छावण्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी चोरून मासे मारणारे कित्येक गावकरी तिथे वाटाडे म्हणून कामाला लागले. त्यांचा आणि पाहुण्यांचा काठावर वावर असल्यामुळे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना धाक होता. पुढे अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असा कायद्याचा अर्थ लावून त्या छावण्या बंद झाल्या. त्या लोकांचा रोजगार गेला आणि राखणही गेली. तेव्हा गळवाला दिसला की तो पापीच, असे म्हणून चालणार नाही. आणि सोडून दिले म्हणजे हात धुतले, असेही म्हणता येणार नाही.

आता मासा सोडल्यावर काय होते ते पाहू. गळाला लागलेला मासा जीव तोडून झुंजतो. धावून धावून आपल्या पायांत गोळे येतात, तसे त्याच्या अंगात आम्ल साठते. त्यातच त्याला बाहेर काढून फोटोसाठी धरले की त्याचा श्वास बंद. आपण कोरड्या हाताने धरले की अंगावरचे बुळबुळीत आवरण निघते आणि तिथे रोग शिरतो. जबड्याला धरून लोंबकळवले की आतून इजा होते. मासा पोहत निघून जातो, आपण टाळ्या वाजवतो आणि तो दोन दिवसांनी खोल पाण्यात मरतो. ते कोण पाहतो?

उन्हाळ्यात हे जास्त. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी. अमेरिकेत पट्ट्यापट्ट्यांचा एक बास मासा आहे, धरणांच्या तलावांतही तो वाढवतात. उन्हाळ्यात तो खालच्या गार पाण्यात जातो. तिथून वरच्या गरम पाण्यात ओढून आणलेला मासा सोडला तरी पुष्कळदा वाचत नाही. मेरीलँड राज्यात याच माशासाठी २०२१ साली जुलैच्या उत्तरार्धात गळ टाकायलाच बंदी केली होती. पकडून सोडण्यालाही सूट नव्हती. हौशी लोकांच्या देशाला जे कळले, ते आपल्या पोरांना का कळू नये?

मग धम्म काय सांगतो? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी जीव घेणे आणि मारण्याच्या इच्छेने जीव घेणे यांत फरक केला आहे. आपल्या घरांत मासे खातात, यात लपवण्यासारखे काही नाही. धरणाच्या काठी भोई आहे, कातकरी आहे. तो जाळे टाकतो, घरी कालवण होते, उरलेले बाजारात जातात. हल्ली काही पाहुणे त्याच्याकडे नाक मुरडून बघतात : आम्ही सोडतो, हे मारतात! आम्हाला हे पटत नाही. पोटासाठी दोन मासे नेणारा कातकरी आणि गंमत म्हणून दिवसभरात दहा मासे दमवणारा पाहुणा, यांत दयेचे प्रमाणपत्र कोणी कोणाला द्यायचे? ज्या महाडला १९२७ साली आपण पाण्याचा हक्क मागितला, त्या समाजाने तरी काठावरच्या गरिबाला पाण्यावरून हटवणाऱ्यांच्या बाजूला उभे राहू नये.

त्याच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले गावकरी पिढ्यान्‌पिढ्या महासीर मारत नाहीत आणि गळही टाकत नाहीत. ते देवीच्या श्रद्धेने करतात, आपण समजून-उमजून करू. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे सोडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कोणी पकडतच नाही. सर्वांत चांगले सोडणे ते हेच.

आणखी एक. पुण्य लागते म्हणून बाजारातून जिवंत मासे आणून नदीत सोडण्याची पद्धत काही बौद्ध देशांत आहे. आपल्याकडे काचेच्या पेटीतला कंटाळा आलेला मासा लोक दया म्हणून नदीत सोडतात. काच चाटणारा सकर मासा असाच नद्यांत आणि उजनीत पोचला आणि कोळ्यांची जाळी फाडू लागला. हे जीवदान नव्हे. एकाला सोडून शंभरांना संकटात टाकणे आहे.

म्हणून पोरांना आमचे सांगणे असे. गंमत म्हणून गळ टाकू नका. मासे पाहायचे असतील तर काठावर बसून पाहा. पाहुण्यांबरोबर कामाला जाणार असाल तर ताठ मानेने जा आणि त्यांना चार गोष्टी सांगा. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. हात ओले करा. मासा पाण्यातच ठेवून गळ काढा. गळ खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस जवळून कापा. ऐन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मासा अंडी घालायला वर चढतो तेव्हा गळ नको. तुटलेले तंगूस गोळा करून आणा, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. एका तळ्यातला मासा दुसऱ्या तळ्यात कधीही टाकू नका. आणि तळे ज्या मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिले असेल, तिच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ पाण्यात जाता कामा नये. पाहुणा ऐकत नसेल तर ती मजुरी सोडा. ते सोडणे खरे.

आयांनाही एक विनंती. पोराला नुसते पाप-पाप म्हणून घाबरवू नका. त्याला विचारा, "बाळा, तू सोडलास, पुढे त्याचे काय झाले?" हा एक प्रश्न त्याला विचार करायला लावील, आणि विचार करायला लावणे हेच विहाराचे काम आहे.

 नमो बुद्धाय! जय भीम!