शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 आज मी आपणांस एका इंग्रज बाईंची ओळख करून देणार आहे. त्यांचे नाव म्यूरिएल लेस्टर.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेस गेले, तेव्हा ते एखाद्या बड्या हॉटेलात उतरले नाहीत. लंडनच्या पूर्व भागातील बो या गरीब कामगारवस्तीत, किंग्जली हॉलमध्ये, ते सुमारे बारा आठवडे राहिले. तेथील यजमानीण म्हणजे या लेस्टरबाई.

त्यांचा जन्म १८८३ सालचा, सधन व धर्मनिष्ठ ख्रिस्ती घराण्यातला. घरी बसून सुखाने खाता आले असते. पण वस्तीतील हाल पाहिल्यावर, शेजाऱ्यावर प्रेम करावे ही ख्रिस्ताची शिकवण त्यांना स्वस्थ बसू देईना. बहीण डॉरिससह त्यांनी बोमध्येच बिऱ्हाड केले. भाऊ किंग्जली अकाली वारला होता. त्याच्या नावाने १९१५ साली दोघींनी हे लोकगृह उघडले. दारूच्या गुत्त्यावाचून चार घटका बसण्याबोलण्याची जागा कामकऱ्यांना मिळाली. पुढे मुलांसाठी बालगृह झाले.

वडिलांकडून मिळणारे उत्पन्नही बाईंनी स्वतःसाठी ठेवले नाही. ते त्यांनी वस्तीच्या हवाली केले, आणि त्याला दान न म्हणता परतफेड म्हटले. भगिनींनो, हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दान देणारीचा हात नेहमी वर राहतो; परतफेड करणारी मात्र समोरच्याच्या बरोबरीने बसते.

म्हणूनच गांधीजींसाठी तेथे काही निराळा थाट करावा लागला नाही. गच्चीवरची एक लहानशी खोली त्यांना पुरली. ख्रिस्ती उपासनेच्या त्या घरात पहाटे गीतेचे श्लोक ऐकू येऊ लागले. बालगृहातील मुलांनी गांधीजींना वाढदिवसाची खेळणी दिली. परिषदेतून आपल्या पदरी फारसे काही पडले नाही. १९३२ च्या जानेवारीत गांधीजी पुन्हा तुरुंगात गेले. पण जोडलेले नाते तुटले नाही. १९३४ च्या भूकंपानंतर बाई बिहारमध्ये गांधीजींच्या दौऱ्यात होत्या. १९४६ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्या दंगलग्रस्त नोआखालीतही गेल्या. १९६८ साली त्या निवर्तल्या.

आपले मंडळ शिवणवर्ग चालवते, हळदीकुंकू करते, अडलेल्या घरी डबा पोचवते. हे चांगलेच आहे. परंतु आपल्याच आळीतील परभाषी, परधर्मी बिऱ्हाडांतील किती जणी या सतरंजीवर बसल्या आहेत? डबा पोचवताना आपण त्यांच्या उंबरठ्याच्या आत जातो का? येत्या वर्षी प्रत्येकीने अशा एका घरी काही द्यायला न जाता नुसते बसायला जावे, आणि त्या बाईला आपल्याकडे बोलवावे, एवढेच माझे मागणे आहे.