शाळेच्या आवारातील शरदाची फुलझाडे

(उचगाव, तालुका करवीर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



हस्ताचा पाऊस ओसरला, मुलींचा हादगा संपला आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले, म्हणजे करवीर तालुक्याच्या शिवारात एक मोठी विसंगती दिसू लागते. जिकडे पाहावे तिकडे हिरवे असते; परंतु त्या हिरव्या रंगात मधमाशीच्या पोटाला फारसे काही नसते. उचगावासारख्या गावात ऊसच डोळ्यांत भरतो. आश्विन-कार्तिकात त्यास तुरे येतात, ते वाऱ्यावर डुलतात आणि शोभतातही. पण ऊस हे गवताच्या कुळातील पीक असल्यामुळे त्याच्या तुऱ्यात मध नसतो. त्याचे पराग वारा वाहून नेतो, त्यास कीटकाची गरज पडत नाही. बांधावरची पावसाळी फुले याच सुमारास वाळू लागतात. शहर लगत असल्याने पडीक जागा घरांनी, गुदामांनी आणि रस्त्यांनी व्यापत चालल्या आहेत. अशा वेळी शाळेच्या आवारातील चार-पाच गुंठे जागा हीच गावातील बऱ्याचशा माश्यांची आणि फुलपाखरांची शिदोरी होऊ शकते.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. काकडी, कारले, लाल भोपळा या वेलींवर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कोणी नेऊन पोहोचविला नाही, तर बोटाएवढे फळ पिवळे पडते आणि गळून जाते. शेतकरी त्यास रोग समजून औषध फवारतो, आणि उरल्यासुरल्या माश्याही त्यात मरतात. वांग्याची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. वांग्याच्या फुलातील पराग पुंकेसरांच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. काळा भुंगा त्या फुलाला मिठी मारून आपले अंग थरथरवितो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा पराग सांडतो. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. कोल्हापूरच्या मंडईत भाजी पाठविणाऱ्या अल्पभूधारकाच्या पदरात किती पडते, ते या भुंग्यांवर आणि माश्यांवर काही अंशी तरी अवलंबून असते. आणि त्याचीच मुले आपल्या शाळेत बसतात.

शाळेची बाग मात्र बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने जन्मते आणि एकाच पद्धतीने मरते. जूनमध्ये उत्साहाने वाफे आखले जातात, झेंडू आणि गुलछडी लावली जाते. दिवाळीच्या सुटीत पाणी घालण्यास कोणी नसते. त्यातून जे वाचते ते मे महिन्यात वाळते. बाग करणाऱ्या शिक्षकाची बदली झाली की पुढच्या वर्षी वाफ्यांच्या विटा तेवढ्या उरतात. म्हणून शाळेसाठी झाड निवडताना एकच कसोटी लावावी: सुटीत कोणी पाहिले नाही तरी जे जगेल, शेळीने तोंड लावले नाही असे जे असेल आणि एकदा लावल्यावर जे वर्षानुवर्षे फुलत राहील, ते शाळेचे झाड.

या कसोटीला पहिली उतरते ती निर्गुडी. तिची पाच बोटांसारखी पाने, पानाची पांढुरकी खालची बाजू आणि निळसर फुलांचे तुरे कोणाही खेडवळ मुलास ओळखता येतात. तिच्या उग्र वासामुळे जनावरे सहसा तिच्या वाटेस जात नाहीत, म्हणून कुंपणास ती उत्तम. पावसानंतर ती फुलली की सकाळी तिच्यापाशी उभे राहिल्यास नुसता गुणगुणाट ऐकू येतो. फांदीचे हातभर तुकडे पहिल्या पावसात रोवले की काम झाले.

दुसरी कोरांटी. पिवळी कोरांटी काटेरी असते, निळ्या-जांभळ्या फुलांची बिनकाट्याची. दोन्ही शरदात भरभरून फुलतात आणि दोहोंना पाणी थोडे पुरते. काटेरी जात खेळाच्या मैदानापासून दूर लावावी, एवढेच पथ्य.

तिसरी तुळस, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. झाड घेरदार व्हावे म्हणून तिच्या मंजिऱ्या खुडण्याची आपली रीत आहे. घरच्या वृंदावनापुरती ती योग्यच आहे. परंतु शाळेत दहा तुळशी लावल्या, तर पाचांच्या मंजिऱ्या खुडाव्यात आणि पाचांच्या तशाच राहू द्याव्यात. त्या बारीकशा फुलांवर सातेरी आणि फुलोरी या दोन्ही मधमाश्या दिवसभर येतात. बी आपोआप गळते आणि पुढच्या पावसाळ्यात रोपे विकत आणावी लागत नाहीत. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा उसाचा मांडव करतात. ज्या उसात माशीला काही मिळत नाही त्याच्याच सावलीत, तिला बरेच काही देणारे झाड त्या दिवशी उभे असते, हे मुलांस दाखवून देण्याजोगे आहे.

कुंपणाच्या तारेवर गोकर्ण चढवावी. तिचे बी रात्रभर भिजवून पेरावे. सदाफुली कोणत्याही दगडगोट्यांत तग धरते आणि लांब सोंडेची फुलपाखरे तिच्यावर येतात. मात्र तिचे कोणतेही अंग मुलांनी तोंडात घालू नये.

येथवर मधाचा विचार झाला. फुलपाखरांसाठी एवढे पुरत नाही. फुलपाखरू मध कोठेही पिते, पण अंडी घालते ते ठराविक झाडावरच. रुईचे उदाहरण घ्यावे. ओसाड जागी उगवणारे, मारुतीच्या शनिवारच्या माळेपलीकडे कोणी न विचारणारे हे झाड. परंतु तांबूस-नारिंगी पंखांच्या आणि काळ्या-पांढऱ्या टोकांच्या ‘प्लेन टायगर’ या फुलपाखराचे ते माहेर आहे. त्याची अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची असून तिच्या अंगावर काळ्या शिंगांसारख्या तीन जोड्या असतात. रुईच्या चिकातील विष ती आपल्या अंगात साठविते, म्हणून पक्षी तिला आणि पुढे त्या फुलपाखरालाही टाळतात. अंड्यापासून पंखांपर्यंतचा सारा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे एका महिन्याच्या परिसर अभ्यासात तो वर्गास डोळ्यांनी पाहता येतो. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे, यास्तव ते झाड कोपऱ्यात असावे आणि पान तोडण्याचे काम मुलांकडे देऊ नये.

कढीलिंब आणि लिंबू यांवर ‘कॉमन मॉरमॉन’ची अळी वाढते. प्रथम ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. याच लिंबू कुळाच्या झाडांवर वाढणाऱ्या ‘ब्लू मॉरमॉन’ला, म्हणजे राणी पाकोळीला, महाराष्ट्र शासनाने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिला. सह्याद्रीचा पायथा जवळ असलेल्या या जिल्ह्यात तिचे दर्शन दुर्मीळ नाही.

यावरून निघणारी गोष्ट काहींच्या पचनी पडत नाही. जेथे फुलपाखरे हवीत तेथे पाने कुरतडलेली दिसणारच. तपासणीच्या आदल्या दिवशी आवार खरडून, पाने पुसून, कीटकनाशक मारून तयार केलेली बाग साहेबांस पसंत पडेल. फुलपाखरास पडणार नाही. भोकाभोकांचे कढीलिंबाचे पान ही आळशीपणाची खूण नसून चालू असलेल्या पाठाची खूण आहे, असे छोट्या पाटीवर लिहून ठेवावे. आवारात कोणतेही विषारी औषध फवारू नये, हा नियम तर मुख्याध्यापकांनी विनातडजोड पाळावा.

काय लावू नये, तेही सांगितले पाहिजे. घाणेरीवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे. परंतु अमेरिकेच्या उष्ण भागातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने देशातील कितीतरी कुरणे आणि राने गिळली आहेत. तिचे रोप शाळेने जाणूनबुजून लावू नये. गाजर गवत तर फुलावर येण्यापूर्वीच उपटावे.

पालकांची एक भीती रास्त आहे, तिचे निराकरण आधीच करावे. फुलावर बसलेली माशी मध गोळा करण्यात गुंतलेली असते. तिला दाबले वा पकडले नाही तर ती सहसा डसत नाही. धोका असतो तो पोळ्यापाशी, विशेषतः आग्या माशीच्या. शाळेच्या इमारतीवर किंवा वडावर असे पोळे बसले तर मुलांस दूर ठेवावे, दगड व धूर यांचा प्रयोग कोणास करू देऊ नये आणि जाणत्या माणसास बोलवावे. सातेरी माशी मात्र पेटीत पाळता येते. महाबळेश्वराजवळचे मांघर 2022 साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले, आणि त्यापाठोपाठ आपल्याच जिल्ह्यातील, भुदरगड तालुक्यातील पाटगावाने तोच मार्ग धरला. तेथील डोंगरात कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच एकवट फुलते, त्या वर्षी मधाचा रंगच पालटतो. उचगावच्या सपाटीवर कारवीची अपेक्षा नको. निर्गुडी आणि तुळस पुरे.

सगळ्याच माश्या पोळे करीत नाहीत. पुष्कळशा एकट्या राहतात आणि उघड्या मातीत बीळ करून अंडी घालतात. आवारभर सिमेंटचे ठोकळे बसविले की त्यांचा निवारा जातो. म्हणून कुंपणालगतची दोन हातांची पट्टी मातीचीच ठेवावी. भुंग्यांसाठी एखादा वाळका बांबू कोपऱ्यात पडू द्यावा. परळात खडे घालून बेताचे पाणी ठेवले तर माश्या बुडत नाहीत.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग उचगावाहून दूर नाही. वरच्या वर्गातील मुलांस तेथे एकदा न्यावे, आणि परतल्यावर एक साधे काम द्यावे: सकाळी दहा वाजता एका झाडापाशी दहा मिनिटे उभे राहून किती माश्या, किती भुंगे, किती फुलपाखरे आली ते मोजावे आणि फळ्याच्या कोपऱ्यात मांडावे. दसऱ्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंतचे हे आकडे एका वहीत उतरवून ठेवले, तर पुढील वर्षी येणाऱ्या शिक्षकास बागेची हकीकत कोणाला विचारावी लागणार नाही.

काम आरंभण्यास जूनची वाट पाहावी. तोवर कुंपणाची जागा निश्चित करावी, गावात निर्गुडी व कोरांटी कोणाच्या बांधावर आहे ते मुलांकडून शोधवून घ्यावे आणि मार्गशीर्षात गोकर्णीच्या सुकलेल्या शेंगा फुटण्यापूर्वी बी काढून कागदाच्या पुडीत ठेवावे.